‘शेवटचे बीटल्स गाणे’ आणि जॉर्ज हॅरिसन यांचा नकार

#थ्रेड #इतिहास #संगीत

२ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नाऊ अँड देन’ हे गाणे ‘शेवटचे बीटल्स गाणे’ या बिरुदासह प्रसिद्ध झाले. आठवडाभरात ते ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले, आणि चौघे मित्र अखेर पुन्हा एकत्र आले ही कथा जगभर रूढ झाली. ही कथा टिकत नाही. न टिकण्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्तेत शोधण्याची गरज नाही, जॉन लेनन यांच्या मृत्यूतही नाही. ते आहे जॉर्ज हॅरिसन यांच्या १९९५ मधील नकारात, आणि त्या नकारावर पुढे चढत गेलेल्या रंगाच्या हातांत.

विषय संगीताचा असला तरी प्रश्न साधनांचा आहे. एखाद्या नावाने काही प्रसिद्ध होते तेव्हा त्या नावामागे नेमके कोण उभे असते? पेशव्यांच्या शिक्क्यावर छत्रपतींचे नाव असे. म्हणून ते प्रत्येक पत्र छत्रपतींनी सांगितले असे कोणताही अभ्यासक मानत नाही. शिक्का कोणाचा आणि हात कोणाचा हे तो वेगवेगळे तपासतो. रॉक संगीताच्या चाहत्यांनी २०२३ मध्ये शिक्का पाहिला आणि हात पाहण्याची तसदी घेतली नाही.

प्रथम वस्तूच पाहू. ‘नाऊ अँड देन’चा मूळ थर सुमारे १९७७ चा. लेनन यांनी न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीतील राहत्या घरी पियानोवर बसून साध्या कॅसेटवर ते गाऊन ठेवले. डिसेंबर १९८० मध्ये त्यांची हत्या झाली. १९९४ मध्ये योको ओनो यांनी अशा काही मुद्रणांच्या कॅसेटी पॉल मॅकार्टनी यांच्याकडे सोपवल्या. दुसरा थर १९९५ चा : मॅकार्टनी, हॅरिसन, रिंगो स्टार आणि निर्माते जेफ लिन यांनी गाण्यावर थोडे काम केले, हॅरिसन यांची गिटार मुद्रित झाली, आणि काम सोडून देण्यात आले. तिसरा थर २०२२-२३ चा. त्यात मॅकार्टनी यांची बेस गिटार आणि हॅरिसन यांच्या धाटणीने वाजवलेली स्लाइड गिटार, स्टार यांचे ड्रम, शिवाय लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेला तंतुवाद्यांचा ताफा.

आणखी एक थर आहे, तो पटकन कानात येत नाही. मागे ऐकू येणाऱ्या साथीच्या आवाजांपैकी काही ‘एलिनॉर रिग्बी’, ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’ आणि ‘बिकॉज’ या १९६६ ते १९६९ मधील गाण्यांतून काढून येथे बसवले आहेत. म्हणजे १९७७ च्या सुमारास रचलेल्या गाण्याला साथ देणारे आवाज त्या रचनेच्या कित्येक वर्षे आधीचे आहेत. पडक्या देवळाचे कोरीव दगड नव्या भिंतीत बसवलेले महाराष्ट्रात गावोगावी दिसतात. त्या दगडांवरून भिंतीचे वय कोणी ठरवत नाही.

शिवाय जे बसवले त्याइतकेच जे काढले तेही महत्त्वाचे. लेनन यांच्या डेमोतील एक मधला भाग २०२३ च्या आवृत्तीत गाळला आहे. हा डेमो अनधिकृत ध्वनिफितींतून चाहत्यांमध्ये अनेक वर्षे फिरत होता, त्यामुळे कात्री नेमकी कुठे लागली हे कोणालाही ऐकून पडताळता येते. गाणे त्यामुळे आटोपशीर झाले असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचा कान चुकीचा आहे असेही नाही. प्रश्न एवढाच की ज्याची रचना त्याला या कात्रीबद्दल काही म्हणायची सोय नव्हती.

आता दोन रूढ वादांचा निकाल लावून पुढे जाता येईल. दोन्ही बाजूंनी त्यांत पुष्कळ शक्ती खर्च झाली आहे.

पहिला वाद कृत्रिम बुद्धिमत्तेचा. जून २०२३ मध्ये मॅकार्टनी यांनी मुलाखतीत या तंत्राचा उल्लेख केला आणि लेनन यांचा आवाज यंत्राने घडवला, अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात संगणकाने काहीच घडवले नाही. पीटर जॅक्सन यांच्या चमूने ‘गेट बॅक’ या २०२१ च्या माहितीपट-मालिकेसाठी विकसित केलेल्या तंत्राने कॅसेटवरील पियानोचा आवाज आणि गायकाचा आवाज एकमेकांपासून सोडवण्यात आला. ऐकू येणारा आवाज लेनन यांचाच आहे. झिजलेल्या मोडी कागदावरचा डाग काढून अक्षर वाचनीय करण्यासारखेच हे काम. त्यात गैर ते काय?

दुसरा वाद शुद्धतावाद्यांचा : चौघे एका खोलीत नव्हते, म्हणून हे बीटल्सचे गाणे नाही. ही कसोटी लावली तर निम्मा खजिना बाहेर फेकावा लागेल. १९६५ च्या ‘येस्टरडे’वर मॅकार्टनी एकटे आहेत, सोबतीला चार तंतुवाद्ये. जानेवारी १९७० मध्ये ‘आय मी माइन’ मुद्रित झाले तेव्हा लेनन हजर नव्हते. आणि ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत तर जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, भारतीय वादकांकडून मुद्रित झाले, चौघांपैकी तेथे फक्त हॅरिसन होते. लेनन आणि मॅकार्टनी यांनी पुढच्या महिन्यात लंडनमध्ये शेवटी सुरांची किंचित जोड दिली. तरीही मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते बीटल्सच्या नावानेच निघाले आणि ते योग्यच होते.

याहून गमतीचा दाखला विक्रमांच्या यादीत आहे. ‘नाऊ अँड देन’ पहिल्या क्रमांकावर आले तेव्हा ५४ वर्षांनी बीटल्स ब्रिटनमध्ये पहिले आले, असे सर्वत्र छापले गेले. त्याआधीचे पहिल्या क्रमांकाचे गाणे १९६९ मधील ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’. ते १४ एप्रिल १९६९ रोजी लेनन आणि मॅकार्टनी या दोघांनीच सगळी वाद्ये वाजवून पुरे केले. हॅरिसन आणि स्टार त्यावर नाहीतच.

मग १९६८ मध्ये एकट्या हॅरिसनने मुंबईत मुद्रित केलेले संगीत बीटल्सचे कशामुळे ठरते? उत्तर संगीतात सापडत नाही, चौघांच्या आपसांतील व्यवहारात सापडते. उरलेल्या तिघांना ते नको म्हणता आले असते आणि त्यांनी तसे म्हटले नाही. बीटल्स हे नाव ज्याला लागायचे, त्याला चौघांपैकी प्रत्येकाच्या नकाराच्या दारातून जावे लागे. दार उघडे राहिले की ते गाणे बीटल्सचे.

हा नकार त्या संघाच्या जन्मापासून दिसतो. सप्टेंबर १९६२ मध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ‘हाऊ डू यू डू इट’ हे दुसऱ्याने रचलेले, हमखास चालणारे गाणे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते मुद्रित केले, पण आपली स्वतःची रचनाच निघावी असा धोशा धरला. पहिली ध्वनिमुद्रिका ‘लव्ह मी डू’ची निघाली. नाकारलेले गाणे पुढच्या वर्षी जेरी अँड द पेसमेकर्स यांनी गायले आणि ते पहिल्या क्रमांकावर गेले. मार्टिन यांचा व्यापारी अंदाज बरोबर होता, नकारही बरोबर होता.

जानेवारी १९६९ चा प्रसंग तर बोलका आहे. ट्विकनहॅमच्या चित्रपट-स्टुडिओत तालमी चालू असताना १० तारखेला हॅरिसन उठून निघून गेले. परतले ते अटी घालून : दूरचित्रवाणीवरचा मोठा जाहीर कार्यक्रम रद्द, आणि काम ट्विकनहॅमऐवजी सॅव्हिल रोवरील स्वतःच्या इमारतीत. ३० जानेवारीला त्या इमारतीच्या गच्चीवर झालेले वादन आज सर्वांना पाठ आहे. ती गच्ची हॅरिसन यांच्या नकारातून मिळाली, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात राहते. सर्वांत धाकटा, गाण्यांच्या वाटपात कायम मागे ठेवलेला सदस्य ‘नाही’ म्हणतो आणि उरलेल्या तिघांना ऐकावे लागते, यालाच संघ म्हणायचे.

या नकाराला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तो अन्यायीही होता. हॅरिसन यांची ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ ही रचना ‘सार्जंट पेपर’मध्ये घेतली गेली नाही. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ची १९६९ मध्ये तालीम झाली आणि गाणे बाजूला पडले, पुढच्या वर्षी त्याच नावाचा तीन तबकड्यांचा संच त्यांनी एकट्याने काढला. ज्याला इतके नकार पचवावे लागले, त्याच्या स्वतःच्या एका नकाराची किंमत तरी पुढच्यांनी राखायला हवी होती.

३१ डिसेंबर १९७० रोजी मॅकार्टनी यांनी लंडनच्या न्यायालयात भागीदारी मोडण्यासाठी दावा लावला. जानेवारी १९७५ मध्ये ती कायद्याने संपुष्टात आली. त्यानंतरच्या वर्षांत पुनर्मीलनासाठी प्रवर्तकांनी कोट्यवधी डॉलरची आमिषे दाखवली. २४ एप्रिल १९७६ रोजी ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’च्या लॉर्न मायकल्स यांनी कॅमेऱ्यासमोर ३,००० डॉलर देऊ केले, ती अर्थात थट्टा. त्या रात्री लेनन आणि मॅकार्टनी डकोटातल्या घरात एकत्र बसून तो कार्यक्रम पाहत होते. स्टुडिओ त्याच शहरात होता. जावे का, असे त्यांच्या मनात येऊन गेले, पण दमलो आहोत म्हणून ते गेले नाहीत. लेनन यांनीच हे १९८० मध्ये सांगितले.

या काळातील त्यांचे नावाविषयीचे वागणे बघण्याजोगे आहे. मार्च १९७३ मध्ये लेनन, हॅरिसन आणि स्टार या तिघांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘आय ॲम द ग्रेटेस्ट’ हे गाणे एकत्र वाजवले. ते स्टार यांच्या नावाने निघाले. लेनन यांच्या हत्येनंतर १९८१ मध्ये हॅरिसन यांचे ‘ऑल दोज इयर्स अगो’ आले. विषय लेनन यांची आठवण, ड्रमवर स्टार, साथीच्या गायनात पॉल आणि लिंडा मॅकार्टनी. हयात असलेले तिघेही एका गाण्यात होते, आणि तरी ते हॅरिसन यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये पुनर्मीलनाच्या अफवा उठल्या तेव्हा, जॉन मृत आहेत तोवर ते होणे नाही, अशा आशयाचे उत्तर हॅरिसन यांनी दिले. म्हणजे बीटल्स हे नाव कधी लावायचे नाही याचा पायंडा त्यांनी स्वतःच पाडलेला होता.

‘अँथॉलॉजी’ प्रकल्पात तो पायंडा मोडला आणि मोडण्यात हॅरिसन स्वतः सामील होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. लेनन यांच्या कॅसेटींवरून ‘फ्री ॲज अ बर्ड’ डिसेंबर १९९५ मध्ये आणि ‘रिअल लव्ह’ मार्च १९९६ मध्ये निघाले. दोन्हींना तिघांची संमती होती. तिसऱ्या गाण्याला नव्हती.

आता खरा मुद्दा. तिसरे गाणे का सोडले? १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅकार्टनी यांनी दिलेले कारण सरळ होते : जॉर्ज यांना ते आवडले नाही, आणि बीटल्समध्ये लोकशाही असल्यामुळे ते केले नाही. पुढेही त्यांनी ही हकीकत सांगितली, आणि हॅरिसन यांनी त्या गाण्याला लावलेले विशेषण छापण्याजोगे नव्हते, हेही त्यांच्याच तोंडून कळले. २०२३ मध्ये गाण्यासोबत आलेल्या लघुपटात मात्र सूर बदलला. आता कारण तांत्रिक झाले : कॅसेटवर पियानोचा आवाज गायनाला झाकत होता, त्या काळच्या साधनांनी तो वेगळा करता येत नव्हता. हॅरिसन यांच्या पत्नी ऑलिव्हिया यांनीही निवेदन केले की जॉर्ज यांना तांत्रिक अडचणी दुस्तर वाटल्या होत्या, आणि ते आज असते तर मनापासून सहभागी झाले असते.

तांत्रिक अडचण खोटी नव्हती. कॅसेटवर विजेची घरघर होती हे जेफ लिनही सांगत आले आहेत. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. परंतु ‘आवडले नाही’ आणि ‘जमले नाही’ यांत अंतर आहे, आणि जसजशी प्रकाशनाची तारीख जवळ आली तसतसे पहिले कारण मागे सरून दुसरे पुढे आले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाची प्रस्तावना लिहिताना बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासले. घटनेला जवळची आणि हेतूपासून दूरची साक्ष वरचढ, हा धडा मराठीत इतिहास वाचणाऱ्याला नवा नाही. २०२३ चा लघुपट ही गाण्याच्या प्रकाशनासाठी, गाण्याच्या मालकांनी करवून घेतलेली बखर आहे. ती वाचावी, तिच्यात माहितीही पुष्कळ आहे. पण १९९० च्या दशकातील साक्षीच्या वर तिला बसवता येणार नाही.

वारसांची संमती होती की, असे येथे म्हटले जाईल. होतीच. ओनो, शॉन लेनन, ऑलिव्हिया आणि धनी हॅरिसन हे सगळे पाठीशी होते, आणि कायद्याला एवढे पुरते. वारसाला घर मिळते, हक्क मिळतात, स्वामित्वधन मिळते. बापाची आवडनिवड वारसाहक्काने मिळत नाही. ‘ते असते तर हो म्हणाले असते’ हे विधान प्रेमाचे असेल, पुराव्याचे नाही. विशेषतः जेव्हा ते असताना ‘नाही’ म्हणाले होते.

मृताच्या आवाजावर काम करणेच निषिद्ध, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ‘अँथॉलॉजी’चा पहिला संच ज्या नोव्हेंबर १९९५ मध्ये आला, त्याच महिन्यात क्वीन या संघाचा ‘मेड इन हेवन’ हा अल्बमही आला. फ्रेडी मर्क्युरी चार वर्षांपूर्वी गेलेले होते. (आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले, तेथेच पहिला वाद्यवृंद ‘द हेक्टिक्स’ काढलेले हेच ते मर्क्युरी.) १९९१ मध्ये मृत्यू समोर दिसत असताना ते माँट्रोच्या स्टुडिओत जमेल तितके गायले, आणि उरलेले सोबत्यांनी पुरे करावे म्हणून गायले. ‘मदर लव्ह’चे शेवटचे कडवे त्यांच्याकडून झाले नाही, ते ब्रायन मे यांनी गायले. त्या अल्बममध्ये मर्क्युरी यांची जुनी एकल गाणीही नव्याने सजवून घातली आहेत, तो भाग वादाचा धरता येईल. परंतु अल्बमचा गाभा मागून घेतलेला आहे. गायकाने स्वतः दार उघडून ठेवले होते.

त्याच क्वीनने पुढे आणखी एक नीट गोष्ट केली. मे आणि रॉजर टेलर दुसऱ्या गायकांबरोबर फिरू लागले तेव्हा फलकावर आधी ‘क्वीन + पॉल रॉजर्स’ आणि नंतर ‘क्वीन + ॲडम लॅम्बर्ट’ असे लिहिले गेले. ते अधिकचे चिन्ह ही उत्तम तळटीप आहे. मूळ किती आणि भर किती, हे वाचणाऱ्याला एका खुणेत कळते. ‘नाऊ अँड देन’च्या वेष्टनावर अशा एखाद्या खुणेला जागा नव्हती काय? लेनन यांचे गाणे, मॅकार्टनी आणि स्टार यांनी पुरे केलेले, हॅरिसन यांच्या १९९५ मधील गिटारसह : एवढे छापल्याने गाण्यातला एकही सूर उणा झाला नसता. फक्त पहिला क्रमांक मिळाला असता की नाही, हे सांगता येत नाही.

हयात माणसांच्या पुनर्मीलनांनाही हीच कसोटी लावावी. ॲबाच्या चौघांनी ४० वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘व्हॉयेज’ हा नवा अल्बम काढला. रंगमंचावर त्यांच्या जागी तरुणपणीच्या संगणकीय प्रतिमा उभ्या राहतात, पण चौघेही जिवंत आहेत आणि चौघांनीही होकार दिला आहे. लेड झेपेलिन १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले, दिवंगत ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या जागी मुलगा जेसन बसला, आणि पुढच्या दौऱ्याला रॉबर्ट प्लांट यांनी नकार दिला. चाहते त्यांच्यावर अजून रुसलेले आहेत. वास्तविक त्या नकारामुळेच ती रात्र खरी ठरते. २०२५ च्या ओएसिस दौऱ्यातील तिकिटांच्या चढत्या दरांवर झालेली ओरड रास्तच होती. तरी दोन गॅलघर बंधूंपैकी कोणीही कोणत्याही दिवशी उठून जाऊ शकत होता, आणि ही भीती अर्ध्या प्रेक्षागृहाच्या मनात होती, एवढे त्या दौऱ्याच्या बाजूने बोलता येते.

‘नाऊ अँड देन’ ऐकताना डोळे भरून आलेल्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही. लेनन यांचा आवाज कॅसेटच्या घरघरीतून सुटून स्वच्छ समोर येतो तो क्षण खरोखर विलक्षण आहे, आणि ८१ वर्षांच्या मॅकार्टनी यांनी आपल्या मित्रासोबत पुन्हा एकदा गावे ही इच्छा समजण्यासारखी आहे. हरकत गाण्याला नाही, नोंदीला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘अँथॉलॉजी’ नव्या रूपात, चौथ्या भागाची भर घालून, पुन्हा प्रसिद्ध झाली. त्या चौथ्या भागात ‘फ्री ॲज अ बर्ड’ आणि ‘रिअल लव्ह’ यांच्या शेजारी आता ‘नाऊ अँड देन’ बसवले आहे. ज्या प्रकल्पातून ते वगळले गेले, त्याच प्रकल्पाचा तो शेवट झाला. वीस वर्षांनी हा संच हाती घेणाऱ्याला तीन गाणी ओळीने दिसतील आणि तिन्हींना तिघांचा सारखाच होकार होता असे वाटेल.

पेटीत आणखी एक फीत आहे. ‘कार्निव्हल ऑफ लाइट’, ५ जानेवारी १९६७ रोजी लंडनच्या एका कार्यक्रमासाठी चौघांनी मुद्रित केलेला, सुमारे १४ मिनिटांचा प्रयोग. मॅकार्टनी यांना तो १९९६ मध्ये ‘अँथॉलॉजी’त हवा होता, हॅरिसन यांना तो पसंत नव्हता आणि तो बाहेर राहिला. २००८ मध्ये मॅकार्टनी यांनी त्याची वेळ आता आली आहे असे जाहीरपणे म्हटले. २०२५ च्या संचातही तो नाही. पुढे कधी आलाच, तर त्याच्या सोबतच्या पुस्तिकेत १९९६ ची हकीकत कोणत्या शब्दांत छापली जाते, तेवढे वाचून ठेवावे.